प्राणवायूची मात्रा

एप्रिल २०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत दिल्लीतील रुग्णालयांना प्राणवायूची भीषण टंचाई भासली. २७ एप्रिल रोजी छत्तीसगडमधील रायगढहून सुमारे ७० टन द्रवरूप प्राणवायू घेऊन पहिली खास रेल्वेगाडी राजधानीस पोहोचली. एरवी नळीतून मुकाट्याने येणारा हा वायू म्हणजे एक मोलाचे औषध आहे, याची जाणीव त्या दिवसांत सर्वांस झाली. परंतु औषध म्हटले की मात्रा आलीच. ती ठरवावयाची कशी?

श्वसनाची कामे दोन : हवेतील प्राणवायू रक्तात घेणे आणि रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे. ही देवघेव फुप्फुसांतील वायुकोशांच्या पातळ भित्तींतून होते. न्यूमोनियात हे कोश द्रवाने भरले की प्रथम प्राणवायू कमी पडतो. उलट छातीचा भाता मंदावला की कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागतो. थोड्या तासांत वा दिवसांत असा बिघाड झाला, तर त्यास तीव्र श्वसन-अक्षमता म्हणतात.

केवळ रुग्णाकडे पाहून केलेला अंदाज फसवा ठरू शकतो. कोविडच्या कित्येक रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू फार घटूनही त्यांना धाप जाणवत नसे. बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर ही घट दाखवितो. मात्र कार्बन डाय-ऑक्साइडविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणून मनगटाच्या रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून आलेल्या रक्ताच्या वाहिनीतून, थोडे रक्त घेऊन तपासतात. प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरांहून कमी भरला, तर श्वसन-अक्षमता आहे असे समजतात. त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटरांहून वर गेला असेल, तर ती दुसऱ्या प्रकारची होय.

पहिल्या प्रकारात प्राणवायू त्वरेने व पुरेसा द्यावा लागतो. काही रुग्णांस पालथे निजविल्यानेही लाभ होतो. दुसऱ्या प्रकारात हात आखडता घ्यावा लागतो. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुरकट हवेने ज्यांचा जुना श्वासनलिकांचा विकार बळावतो, अशा रुग्णांस भरमसाट प्राणवायू दिल्यास कार्बन डाय-ऑक्साइड आणखी साचून गुंगी येऊ शकते. त्यांच्या रक्ताची प्राणवायू-संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखतात, आणि गरज पडल्यास घट्ट मुखवट्यातून यंत्राने श्वासास साहाय्य देतात.

अशा साहाय्याचे मोल १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ-साथीत सिद्ध झाले. साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड रुग्णांचे प्राण घेत आहे, हे ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी ओळखले. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून, कंठातील नळीवाटे, रुग्णांस रात्रंदिवस श्वास दिला. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले.

प्राणवायू वा यंत्र मूळ रोग बरा करीत नाही. ते रुग्णास अवधी मिळवून देते. त्या अवधीत जंतुसंसर्ग, दमा किंवा अन्य मूळ कारणावर उपचार करणे, हेच खरे चिकित्साकार्य होय.