खर्ड्याचा तह आणि ओलीस दिवाण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. गावाजवळ निंबाळकरांचा भुईकोट किल्ला. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठ्यांनी हैदराबादच्या निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आल्याचा हा शेवटचा मोठा प्रसंग. लढाई दिवसभरात निकाली निघाली. तिच्या मागेपुढे चाललेली बोलणी मात्र कित्येक महिन्यांची आहेत, आणि मुत्सद्देगिरी कशी चालते व कुठे फसते हे त्यांतच दिसते.

भांडण निजामाकडच्या चौथाईच्या, म्हणजे महसुलातल्या हिश्श्याच्या, थकबाकीचे. पेशव्यांतर्फे हैदराबादेत वकिली करत होते गोविंदराव काळे. वकिलाने दरबारात बसायचे, मागणी मांडायची आणि तिथल्या खडान् खडा बातमीची पत्रे पुण्याला धाडायची. कौटिल्याने दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ण अधिकाराचा निसृष्टार्थ, मर्यादित अधिकाराचा परिमितार्थ आणि केवळ निरोप पोचवणारा शासनहर. बाकी किती सोडायची हे पुण्यात ठरत असेल, तर वकील परिमितार्थच ठरतो आणि त्याला चर्चेत हात आखडताच ठेवावा लागतो. हिशेब समजावून द्यायला पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी स्वतः यावे, असे निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क भर दरबारात म्हणाला. नाना कामात आहेत, ते कसे येणार, असे वकिलांनी विचारले. तेव्हा ‘कसे आणायचे ते दाखवतो’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे ग्रँट डफ सांगतो. चारचौघांत असे बोलले गेले की आकड्यांचा वाद इभ्रतीचा होतो, आणि इभ्रतीत तडजोड अवघड असते.

तिसरा पक्ष इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले होते. त्या भरवशावर निजामाला मदतीची आशा होती. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. निजामाच्या पदरी असलेल्या कंपनीच्या दोन पलटणींनाही मराठ्यांवर हत्यार उचलायची मुभा नव्हती. पुण्यात १७८६ पासून रेसिडेंट म्हणून बसलेला चार्ल्स मॅलेट सारे पाहत होता.

लढाईनंतर निजाम खर्ड्याच्या कोटात कोंडला गेला आणि त्याने तह मागितला. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख, सुमारे ३ कोटी रुपये आणि खुद्द मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली, अशा अटी ठरल्या. ज्याने नानांना ‘आणून दाखवण्याची’ भाषा केली, तोच ओलीस म्हणून पुण्यात आला.

तह कडक होता. पण तो टिकवायला पुण्यात एकजूट हवी होती. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी पेशवे सवाई माधवराव वारले आणि गादीचा वाद पेटला. दौलतराव शिंदे, परशुरामभाऊ पटवर्धन, नाना आणि गादीवर हक्क सांगणारा बाजीराव, प्रत्येकाचे डाव वेगळे. नाना महाडला गेले आणि तिथून त्यांनी जुळवाजुळव सुरू केली. या गोंधळात ओलीस दिवाणाला भाव आला. १७९६ च्या ऑक्टोबरात महाडला नानांचा निजामाशी करार झाला: मदतीच्या मोबदल्यात खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे परत. रणांगणावर कमावलेले दीड वर्षात कागदावर गेले.

पुढचा फायदा तटस्थ राहिलेल्या कंपनीने उचलला. आपल्याला वाऱ्यावर सोडल्याचा राग धरून निजाम आधी रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या कवायती फौजेवर विसंबला. पण मशीरुल्मुल्क हैदराबादला परतून पुन्हा दिवाण झाला, आणि १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याच्याच कारभारात निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. फ्रेंच पलटणी मोडल्या. १८०२ च्या शेवटी वसईच्या तहाने, आता पेशवा झालेला बाजीरावही त्याच वाटेने गेला, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी कंपनीचा सेनापती वेलस्ली याने शिंद्यांकडून अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला घेतला.

दूताला अभय असावे, हा जुना संकेत १९६१ च्या व्हिएन्ना कराराने आंतरराष्ट्रीय कायद्यात पक्का केला. तह मात्र नुसत्या कायद्याने टिकत नाही. तो जपायचा तर जिंकणाऱ्याला घरचे भांडण आवरावे लागते आणि हरणाऱ्याला तिसऱ्याच्या दारात जावेसे वाटू नये इतकी जागा ठेवावी लागते. खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला ती जागा ठेवली नाही, आणि घरही आवरले नाही.