धूर, अग्नी आणि नव्या चपला

परवा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आम्ही पाच-सहा जुने वर्गमित्र एकत्र जमलो. शाळेलाच जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला आम्ही तर्कशास्त्र घेतले होते. कोणी आवडीने, तर कोणी गणित टळावे म्हणून. गप्पांच्या ओघात ‘बार्बारा’, ‘सेलारेंट’ ही नावे निघाली आणि सारे हसले.

ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे संवाक्य. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत, सर्व राजे माणसे आहेत, म्हणून सर्व राजे मर्त्य आहेत’ हा झाला बार्बारा. मध्ययुगीन युरोपातील पंडितांनी पाठांतरासाठी ही नावे योजली. नावातील तीन स्वर तीन विधानांचे प्रकार सुचवितात. मांडणीचे एकूण प्रकार २५६. परंपरेने त्यांपैकी वैध मानलेले अवघे २४.

आमच्या सरांचा आवडता दाखला मात्र न्यायदर्शनातला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. कारण जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. मग सर विचारीत, “आणि जेथे अग्नी तेथे धूर?” आम्ही एका सुरात “हो” म्हणत असू. “मग एकदा लोहाराकडे जाऊन या,” सर म्हणत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा दाखलाही नैयायिकांचाच. धुरासाठी ओले सरपण लागते. तात्पर्य, ‘जर-तर’चे विधान उलटे फिरविता येत नाही. पूर्वांग खरे असेल तर उत्तरांग खरे; पण उत्तरांग खरे आहे एवढ्यावरून पूर्वांग खरे ठरत नाही.

हे आम्ही परीक्षेत बिनचूक लिहिले. पण त्याच वर्षी वसतिगृहात एकाचे फीचे पैसे नाहीसे झाले. दोनच दिवसांनी आमच्यातला एक गरीब मुलगा नव्या चपला घालून आला. झाले! ‘याने पैसे घेतले असतील तर हा खरेदी करील, याने खरेदी केली, म्हणून यानेच पैसे घेतले.’ पेटी उघडून पाहिली, काही सापडले नाही. तरी कोणी त्याच्याशी बोलेना. मीही बोललो नाही. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला, तो परत आलाच नाही.

परवा त्याचा विषय निघाला तेव्हा हसणे थांबले. पैसे कोणी घेतले हे आम्हांला आजही ठाऊक नाही. त्याने घेतले नव्हते, असेही तर्कशास्त्र सांगत नाही. चपलांवरून ते सिद्ध होत नाही, एवढेच ते सांगते. चपला मामाने दिल्या असतील, सुटीतल्या मजुरीच्या असतील. तेवढे विचारायलाही कोणी गेले नाही. धूर पाहून अग्नी ओळखणे आम्हांला शिकविले होते; आम्ही मात्र अग्नी पाहूनच धूर गृहीत धरला होता.

या विषयाचा व्यवहारात उपयोग काय, असे विद्यार्थीमित्र नेहमी विचारतात. माझ्यापुरते उत्तर एवढेच, की तो उपयोग करण्याची वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो. त्या मुलाच्या गावाचे नाव एकाला आठवत होते. येत्या सुटीत आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.