तारुण्यपीटिका आणि संप्रेरकांचा अंमल

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन तालमीत उतरणाऱ्या तरुणाच्या पाठीवर, किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या कन्येच्या हनुवटीवर मुरुमे उठली, की त्याचा दोष उष्णतेवर अथवा तांबड्या रश्श्यावर टाकण्याचा रिवाज आहे. वस्तुतः या विकाराचे मूळ शरीराच्या अंतर्गत कारभारात असते.

वयात येताना, स्त्री-पुरुष उभयतांत, अँड्रोजेन या संप्रेरकांचा अंमल वाढला, की त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव स्रवतात, रोमरंध्राचे मुख मृत पेशींनी बंद होते आणि आत जंतू वाढून दाह उत्पन्न होतो. अनेक स्त्रियांत हा त्रास पाळीपूर्वी, जबड्यालगत, विशेष बळावतो. त्यासोबत पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकविकाराची तपासणी अगत्याची ठरते. अधिक दुग्धसेवनाशी मुरुमांचा संबंध काही पाहण्यांत आढळला असला, तरी ते कारण म्हणून सिद्ध नाही. मात्र स्नायू वाढविण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे मुरुमांना निश्चित आमंत्रण देतात.

सौम्य साबणाने दिवसातून 2 वेळा मुखप्रक्षालन करावे, मुरुमे फोडू नयेत, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलिनसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने किमान 8 ते 12 आठवडे नेमाने लावावीत. गर्भवतींनी अ‍ॅडापलिन व तत्सम रेटिनॉइडे वर्ज्य करावीत. गोरेपणाच्या लालसेने स्टेरॉइडयुक्त मलमे परस्पर लावणे घातकच. व्रण कायमचे राहण्यापूर्वी, संकोच न बाळगता, कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा अन्यत्र त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, ही वाचकांस कळकळीची विनंती.