दुसरीचा या आठवड्याचा धडा: सावली

जयपूरला राहणारी माझी भाची या आठवड्यात शाळेत सावली शिकतेय. मग आम्ही थेट जंतरमंतर गाठलं!

सवाई जयसिंहांनी १८व्या शतकात उभारलेलं इथलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २७ मीटर उंच आहे. त्याची सावली मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर सरकते. मुलांना ती सरकताना चक्क दिसते.

घरी करून बघा: उन्हात काठी उभी रोवा, दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करा. सावली सर्वांत आखूड, तेव्हा खरी मध्यान्ह.

भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. जयपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथली मध्यान्ह बारा वाजून गेल्यावरच येते.

मुंबई-पुण्यात वर्षातून दोनदा भरदुपारी सावली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या जयपुरात कधीच नाही.

मुलांसोबत करताना काही अडलं तर जरूर विचारा!