चिपरचनेचे प्रात्यक्षिक शिक्षण

आज्ञा एकामागून एक पाळल्या जातात ही समजूत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषेत लिहिलेल्या दोन ओळी घड्याळाच्या एकाच ठोक्याला अंमलात येऊन, तिसऱ्या तात्पुरत्या जागेवाचूनच 'अ' आणि 'ब' यांच्या किमतींची अदलाबदल होते, हे प्रथम पाहताना तो स्तिमित होतो. आणि चिपरचनेचे खरे शिक्षण, आमच्या मते, तेथूनच सुरू होते.

मात्र हे शिक्षण पडद्यावरच थांबू नये. १९७८ साली लिन कॉनवे यांनी एमआयटीत शिकवताना विद्यार्थ्यांच्या रचना प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवून घेतल्या. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने सिद्ध केलेला 'अजित' हा प्रक्रियक २०१९ मध्ये जाहीर झाला. तो मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने घडविला गेला.

धाराशिवचे तेरणा किंवा तुळजापूरचे श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या, महानगरांपासून दूरच्या संस्थांच्या दृष्टीने अधिक मोलाची घटना म्हणजे, २०२० मध्ये स्कायवॉटर या अमेरिकन कारखान्याच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा तपशील सर्वांस खुला झाला. योसिस आणि ओपनरोड ही चिपरचनेची साधनेही विनामूल्य असल्याने परवान्याच्या खर्चाची तरतूद न करताही साध्या संगणकावर संपूर्ण आराखडा तयार करता येतो. चिप घडून हाती येण्यास मात्र कित्येक महिने लागतात व तोवर सत्र संपून जाते. म्हणून तीच रचना एफपीजीए या पुनःपुन्हा हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपच्या फलकावर त्याच सत्रात चालवून दाखविण्याचा आग्रह शिक्षकांनी अवश्य धरावा.