येमेन : घरचे भांडण आणि बाहेरचे मदतनीस

मुलांनो, नकाशात अरबस्तानचे दक्षिण टोक शोधा. तो येमेन देश. त्याचे एडन बंदर इंग्रजांनी १८३९ साली जिंकले. १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. जवळच बाब अल मंदेब ही चिंचोळी सामुद्रधुनी आहे. ‘बाब’ म्हणजे दार, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सुएझ कालव्याकडे जाणारी जहाजे या दारातून जातात. म्हणून देश गरीब असला, तरी शेजाऱ्यांची त्याच्यावर नजर असते.

१९६२ साली उत्तर येमेनमध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांनी इमामाला पदच्युत केले. (हा इमाम केवळ धर्मप्रमुख नव्हता, देशाचा राजाही होता.) नव्या प्रजासत्ताकाच्या मदतीला इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी फौज पाठवली. सौदी अरेबियाने इमामाच्या पक्षाला पैसा व शस्त्रे दिली. एक बाजू हरू लागली, की तिला बाहेरून बळ मिळे. त्यामुळे लढाई संपेना. इजिप्तची फौज १९६७ मध्ये परत गेली. समेट व्हायला १९७० उजाडले.

२०१४ मध्ये हुथी गटाने राजधानी सना ताब्यात घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व त्यांच्या मित्रदेशांनी हुथींवर हवाई हल्ले सुरू केले. इराणने हुथींना साथ दिली. पुष्कळ लोक याला शिया-सुन्नी भांडण म्हणतात. पण एवढ्याने उलगडा होत नाही. हुथी झैदी शिया आहेत, हे खरे. परंतु १९६२ चा इमामही झैदीच होता, आणि त्याच्या पाठीशी सौदी अरेबियाच उभा होता! पुढे तर मित्रांतच फूट पडली. २०१९ मध्ये अमिरातीच्या पाठिंब्यावरील दक्षिणेतील गटाने सौदीच्या बाजूच्या सरकारकडून एडन हिसकावले.

येमेनमध्ये गहू फार थोडा पिकतो. बहुतेक गहू परदेशांतून जहाजाने येतो व त्याचा मोठा भाग होदेदा बंदरात उतरतो. २०१८ मध्ये या बंदरासाठीच लढाई जुंपली. बंदरात जहाज अडले, की सनामध्ये रोटी महागते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने पावणेचार लाखांहून अधिक बळी घेतले. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे गोळीने नव्हे, तर भूक व रोगराईने दगावली. त्यांत लहान मुले फार होती.

एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युद्धविराम घडवून आणला. मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीने सौदी अरेबिया व इराण यांनी आपसांतील तुटलेले संबंध पुन्हा जोडले. त्या करारावर येमेनच्या कोणाचीही सही नव्हती.