किडनीला वंश असतो का?

मधुमेहाने किडनी निकामी होत चाललेल्या 1513 रुग्णांवर लोसार्टन या औषधाची चाचणी झाली, तिचे नाव ‘रेनाल’. 2001 साली निष्कर्ष आले. रक्तातले क्रिएटिनीन दुप्पट होणे, किडनी पूर्ण निकामी होणे किंवा मृत्यू येणे, यांचा एकत्रित धोका औषधाने 16 टक्क्यांनी घटला होता. पुढे त्यातल्या आशियाई रुग्णांचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा ही घट 35 टक्के दिसली. आशियाई माणसाला हे औषध विशेष लागू पडते, असे म्हणायला आणखी काय हवे? पण 2011 मध्ये जपानी आणि चिनी रुग्णांवरच्या ‘ओरिएंट’ चाचणीत लोसार्टनच्याच गटातल्या ओल्मेसार्टनने तोच धोका जवळपास काहीच कमी केला नाही. वंशाकडे बोट दाखवावे, तर ही दोन उत्तरे जुळत नाहीत. एक मोठा फरक मात्र दिसतो. ‘ओरिएंट’मधले बहुतेक रुग्ण ओल्मेसार्टनच्याच यंत्रणेवर काम करणारी एसीई इनहिबिटर ही औषधे आधीपासून घेत होते, ‘रेनाल’मध्ये ती बंद ठेवली होती. शिवाय ‘रेनाल’मधले आशियाई रुग्ण जेमतेम अडीचशे. एवढ्या छोट्या गटात आकडे योगायोगानेही फुगतात.

मग लोकसमूहांत फरक नसतातच काय? असतात, आणि ते नाकारणे हा भाबडेपणा ठरेल. एसीई इनहिबिटरने येणारा कोरडा खोकला चिनी वंशाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्याच गोळीने ओठ-जीभ सुजण्याचा धोका कृष्णवर्णीयांत अधिक असतो. मात्र हे दुष्परिणाम झाले. ते ठाऊक असले की डॉक्टर गोळी बदलतात, पण त्यावरून किडनी वाचण्याबद्दल काही सिद्ध होत नाही. एपीओएल1 या जनुकाचे उदाहरणही नेहमी पुढे येते. त्याच्या धोकादायक प्रती पश्चिम आफ्रिकी वंशात सापडतात खऱ्या, पण दोन्ही प्रती तशा असलेले आफ्रिकी-अमेरिकन सुमारे 13 टक्केच, आणि त्यांचा संबंध मुख्यतः मधुमेहाविना होणाऱ्या किडनीविकाराशी. जनुक तपासता येत असताना कातडीवरून अंदाज बांधायचा कशाला?

असा अंदाज किती महाग पडतो, ते अमेरिकेत दिसले. क्रिएटिनीनवरून किडनीची गाळणक्षमता काढण्याच्या 2009 च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असला की उत्तर सुमारे 16 टक्क्यांनी वाढवत. कागदावर किडनी धडधाकट दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. 2021 च्या सूत्रातून वंश काढून टाकला गेला. आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून येते, मांसाहारानेही वाढते. भारतीयांचे स्नायू सरासरीने कमी आणि मांस खाणेही कमी. त्यामुळे परदेशी सूत्रे आपली किडनी आहे त्यापेक्षा बरी दाखवतात, असे चंडीगडच्या पीजीआयमधील अभ्यासात आढळले. मोजमापच असे डळमळीत असेल, तर कोणत्या समाजाला औषध किती लागू पडले, हे छातीठोकपणे कसे सांगणार?

यावर कोणी म्हणेल, मग भारतीयांवर वेगळ्या चाचण्या नकोतच का? हव्यात, अधिक हव्यात. 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘क्रिडेन्स’ या किडनीच्या औषधचाचणीत 4401 रुग्णांपैकी कृष्णवर्णीय 5 टक्क्यांच्या आसपासच होते. ज्यांना चाचणीत फारसे घेतलेच नाही, त्यांच्याबद्दल ठाम बोलता येत नाही. पण ‘आशियाई’ या एका रकान्यात जपानी, तमिळ आणि पठाण एकत्र कोंबून मिळणारे ज्ञान तुटपुंजेच असणार. एकाच समाजातल्या दोन रुग्णांतही एकाच गोळीने लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन एकाचे निम्म्यावर येते, दुसऱ्याचे हलतही नाही. माझ्या मते भारतात सर्वांत मोठा फरक औषध परवडणारा आणि न परवडणारा यांच्यात आहे. किडनी जपणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाचे भारतातले मूळ पेटंट 2020 मध्ये संपले आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, हा बदल कोणत्याही जनुकापेक्षा मोलाचा. तेव्हा ‘हे औषध आपल्या लोकांना मानवत नाही’ असे कोणी सांगितले, तर वाद घालत बसू नका. गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर काही महिन्यांनी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाणाची तपासणी करून घ्या, आणि दोन्ही अहवाल डॉक्टरांपुढे ठेवा.